चार टर्नटेबलं कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रेकॉर्ड्सच्या नव्या वेडाबद्दलचा लेख वाचला. लिहिलाय झकास. लेखकाने एका संग्राहकाच्या दिवाणखान्यातली टर्नटेबलं मोजली आणि कान दोन असताना यंत्रं चार कशाला, असा चिमटाही काढला. त्या चिमट्याचं मला फारसं काही वाटलं नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चहा संपायच्या आत तो काढतोच. पण लेखाच्या शेवटी चौकटीत एक सल्ला छापलाय: माळ्यावर आजोबांच्या तबकड्या सापडल्या तर तिन्ही वेगांवर चालणारा एखादा आटोपशीर प्लेयर आणा आणि खुशाल वाजवा. हे वाचून कुणी खरंच तसं केलं, तर आजोबांच्या तबकडीतलं गाणं काही ऐकू येणार नाही, उलट तबकडीच खराब आहे असं समजून ती रद्दीत जाईल. असं का होतं ते सांगितलं की चार टर्नटेबलं कशाला, याचं उत्तरही त्यातच येतं. पत्र लांबलंय, तेवढं सांभाळून घ्या.

मी बँकेतून निवृत्त झालेली, डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात राहणारी बाई आहे. यंत्रं चार आहेत हे कबूल. दोन बाहेरच्या खोलीत, एक आत शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर आणि चावीचा फोनो कपाटावर. फोनो सासऱ्यांचा. एचएमव्हीचा फिएस्टा आमच्या ह्यांचा, लग्नाआधीपासूनचा. टेक्निक्सचं जड टर्नटेबल भाच्याने परदेशी जाताना आमच्या गळ्यात मारलं. पैसे मोजून घेतलं ते एकच, स्विस बनावटीचं लेन्को, तेही वापरलेलं. रेकॉर्ड्सही अशाच तीन वाटांनी आल्या. सासरे हौशी संगीत नाटकांना पायपेटीची साथ करायचे, त्यांच्या लाखेच्या तबकड्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, म्हणून त्यांना 78 च म्हणतात. ह्यांनी कॉलेजात असताना घेतलेल्या सिनेमाच्या ईपी, म्हणजे 45 वेगाच्या छोट्या तबकड्या. आणि नोकरी लागल्यावर मी जमवलेल्या शास्त्रीय गाण्याच्या एलपी, म्हणजे 33 वेगाच्या मोठ्या तबकड्या.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत ढीग असा मिश्रच निघतो. अमेरिकेत 1948 साली एलपी आली, पुढच्याच वर्षी 45 वेगाची छोटी तबकडी आली आणि पाहता पाहता तिकडे 78 चा कारभार आटोपला. आपल्याकडे चावीच्या फोनोला वीज लागत नव्हती, त्यामुळे 78 च्या तबकड्यांना गिऱ्हाईक टिकून राहिलं. साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात 78 वर निघाली, आणि आज जगभरचे संग्राहक त्या तबकड्या शोधत फिरतात. म्हणजे एकाच दुकानात एकाच वेळी तीन जातींच्या तबकड्या विकायला असायच्या. दिसायला तिन्ही काळ्या, गोल, मधोमध भोक. गिऱ्हाइकाने त्यांना एकच समजावं यात नवल नाही.

माझ्याकडे सोनार डोळ्याला लावतात तसलं भिंग आहे. त्याखाली हिराबाई बडोदेकरांची 78 ची तबकडी धरली तर खाचा रुंद, सुट्या सुट्या दिसतात, आणि खाचेच्या तळाशी करडी पूड दिसते. ती बरीचशी जुन्या पोलादी पिनांनी झिजवलेली तबकडीच असते. किशोरीताईंची एलपी धरली तर त्याच भिंगातून रेषा इतक्या दाट दिसतात की एकीवर नजर ठरत नाही. आता आकडे. 78 ला लागणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 65 ते 75 मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या मोनो, म्हणजे एकाच वाटेने आवाज देणाऱ्या एलपीला 25 मायक्रॉनची सुई लागते, स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा देणाऱ्या एलपीला 13 ते 18 ची. गाणं असतं खाचेच्या दोन्ही भिंतींवर. एलपीची बारीक सुई 78 च्या रुंद खाचेत सोडली तर ती भिंतींना नीट टेकतच नाही, तळाला जाऊन त्या करड्या पुडीत खरवडत बसते. ऐकणाऱ्याला वाटतं, तबकडी गेली कामातून. तबकडी बहुधा ठणठणीत असते. उलट बाजूने, 78 ची जाड सुई एलपीवर ठेवली तर ती खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा तासत जाते, आणि ती एलपी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

तुमच्या चौकटीतल्या सल्ल्याची गोम इथे आहे. सूटकेससारखे दिसणारे जे प्लेयर हल्ली सगळीकडे मिळतात, त्यांच्यावर 33, 45, 78 असा खटका असतो आणि मोटर तिन्ही वेगांनी फिरतेही. सुई मात्र बहुतेकांत एकच, एलपीची. पूर्वीच्या कंपन्या याबाबतीत जास्त प्रामाणिक होत्या. त्या काळच्या कित्येक साध्या प्लेयरच्या डोक्यात दोन सुया असायच्या, एक एलपीची आणि एक 78 ची. छोटी दांडी फिरवली की दुसरी सुई खाली यायची.

यावर ह्यांचे एक मित्र म्हणाले, मग सुई बदला की वहिनी, अख्खं यंत्र कशाला? प्रश्न रास्त आहे आणि पुष्कळ लोक तसंच करतात. पण नुसती सुई बदलून भागत नाही. एलपीच्या सुईवर दीड-दोन ग्रॅमचा भार पुरतो, 78 ला तीन ते पाच लागतो. म्हणजे आर्मच्या, सुई धरणाऱ्या दांडीच्या, मागचं वजन सरकवून पुन्हा तोलायचं. लाखेची तबकडी एलपीपेक्षा जाड, म्हणजे आर्मची उंची बदलायची. स्टिरिओ खाचेत सुई आडवी हलते आणि वर-खालीही. 78 मध्ये गाणं बहुधा फक्त आडव्या हालचालीत असतं, वर-खाली हलण्यातून येते ती नुसती खरखर. म्हणून 78 ला मोनो जोडणी केली की बरीच खरखर तिथल्या तिथे गळते. शिवाय प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज स्पीकरकडे जाण्याआधी वाढवणारी पेटी. एलपीच्या खाचा कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, वरचे सूर चढवतात, आणि वाजवताना प्रीअँप त्याच्या नेमकं उलट करतो. याचं एक ठरलेलं माप 1954 च्या सुमाराला अमेरिकेत आलं आणि मग सगळीकडे रुळलं. त्याआधीच्या तबकड्यांना तेच माप लावलं तर गाणारा गोधडी पांघरून गातोय असं वाटतं.

आता संध्याकाळी मला आधी हिराबाई, मग कुमारजींची एलपी, मग पुन्हा मास्टर दीनानाथ ऐकायचे असतील तर मी काय करायचं? केसाएवढ्या चार तारा चिमट्याने काढायच्या, डोकं बदलायचं, ग्रॅमचा काटा लावायचा, प्रीअँपचे खटके फिरवायचे, आणि परत सगळं उलट करायचं? माझ्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवायला उजेड लागतो. दोन यंत्रं दोन कामांना कायमची लावून ठेवली की आर्म उचलायचा, ठेवायचा, संपलं. टेक्निक्स एलपीला, लेन्को 78 ला. याला चैन म्हणायची असेल तर म्हणा.

लेन्कोच का, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. कारण 78 च्या तबकड्या 78 नेच फिरतात असं नाही. भारतात पहिली ध्वनिमुद्रणं 1902 मध्ये कोलकात्यात झाली, गोहरजानचा आवाज त्यातलाच. तेव्हापासून 1925 नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत गाणारा कर्ण्यात तोंड घालून गायचा, आणि यंत्राचा वेग त्या दिवशी जो असेल तो असायचा. कुठे 74, कुठे 76, कुठे 80. 74 ला मुद्रित केलेली तबकडी 78 ने फिरवली तर काळी एकमध्ये गायलेलं गाणं जवळजवळ पांढरी दोनला, म्हणजे पेटीवरच्या पुढच्याच पट्टीला, जाऊन बसतं. लयही वाढते आणि तान उगाच चपळ वाटते. जुन्या गवयांच्या फिरतीबद्दल आपण जे तोंडात बोट घालतो, त्यातलं थोडं मोटरचं कर्तृत्व असतं, असं माझं मत आहे. ते पटणार नाही अशी मंडळी आमच्या ओळखीत बरीच आहेत.

लेन्कोला फिरणारं ताट ढकलणारं एक रबरी चाक असतं आणि ते निमुळत्या दांड्यावर पुढे-मागे सरकतं. त्यामुळे एक दांडी सरकवली की सुमारे 16 पासून 80 पर्यंत हवा तो वेग मिळतो. मधल्या 33, 45, 78 ला फक्त खाचा आहेत, त्यांत अडकायलाच हवं असं नाही. आमच्याकडे हा कार्यक्रम रविवारी दुपारी चालतो. मी सासऱ्यांच्या पायपेटीवर बसते, हे लेन्कोच्या दांडीवर. तबकडीत पेटीची साथ असेल तर मी काळी एक, पांढरी दोन, काळी दोन असं धरून बघते आणि ह्यांना खुणेने हळू, अजून हळू, असं सांगते. त्या काळच्या पेट्या तरी आजच्या सुराला तंतोतंत कुठे असतील, त्यामुळे हा शेवटी अंदाजच. पण एक फार चांगली खूण आहे. सुरुवातीच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, कोलकात्यात कारखाना निघाला तो 1908 मध्ये. गाणं कुणाचं हे तिकडच्या लोकांना कळावं म्हणून गाणारी गाणं संपताच आपलं नाव मोठ्याने सांगायची, असं म्हणतात. ते बोललेलं नाव कान देऊन ऐकायचं. गाण्यातला आवाज वर गेलेला एकवेळ लक्षात येत नाही, पण बोलणारी प्रौढ बाई शाळकरी पोरीसारखी ऐकू आली की वेग जास्त आहे हे चटकन कळतं. दांडी हळूहळू मागे घेत गेलं की एका ठिकाणी तो आवाज माणसाचा होतो. तिथे आम्ही पेन्सिलीने तबकडीच्या पाकिटावर आकडा लिहून ठेवतो. एकाच ठरावीक वेगाच्या प्लेयरवर हे कसं करणार?

टेक्निक्सची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे प्रश्न एकसारख्या दोन यंत्रांचा आहे. भाचा लग्नांत आणि पार्ट्यांत डीजे होता, त्याच्याकडे त्याची जोडी होती. एक विकलं, दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळेना आणि दहा-बारा किलोचं धूड विमानात कोण नेणार, म्हणून ते आमच्याकडे आलं. डीजेला दोन लागतात यात नवल काहीच नाही, एका तबकडीवर गाणं चालू असताना दुसरीवर पुढचं लावून ठेवायचं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 च्या पार्टीतल्या ज्या डीजेचं नाव हिप-हॉपच्या जन्माशी जोडलं जातं, त्या मूळच्या जमैकाच्या कूल हर्कने पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून नाचाचा नेमका तुकडा लांबवत नेला. भाचा हे अशा थाटात सांगायचा की जणू शोध त्याचाच.

मला त्यात नवीन काही वाटलं नाही, कारण माझी मावसबहीण आकाशवाणीत निवेदक होती. स्टुडिओत दोन टर्नटेबलं शेजारी शेजारी. एकावरचं गाणं प्रक्षेपणात चाललेलं, दुसऱ्यावरची तबकडी ती कानाला हेडफोन लावून हाताने सावकाश फिरवायची, पहिला सूर आला की तिथेच थांबवून अर्धा फेरा मागे घ्यायची, आणि बोट कडेवर ठेवून वाट बघायची. तोंडाने निवेदन चाललेलं. शेवटचा शब्द आणि बोट एकदम सुटायचं. तो अर्धा फेरा यासाठी की ताटाला वेग घ्यायला तेवढी जागा लागते, नाहीतर पहिला सूर घसरत वर चढलेला ऐकू जातो. श्रोत्याला वाटायचं, गाणं आपोआप लागलं. एक टर्नटेबल बंद पडलं की त्या दिवशी गाण्यांच्या मधल्या बडबडीला धरबंध राहायचा नाही, असं ती हसत सांगते.

टेक्निक्सची एक बारीक सोय मला मात्र रोज उपयोगी पडते. त्याच्या उजव्या कडेला एक सरकती पट्टी आहे, वेग आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली होतो. ती ठेवलीय डीजेला दोन गाण्यांचा ठेका जुळवायला. मी तिचा उपयोग पायपेटीशी सूर जुळवायला करते आणि एलपीबरोबर गुणगुणते.

राहिला फिएस्टा. त्याचा आवाज काही ग्रेट नाही, सुईचा भारही जास्त. ह्यांच्या ईपी त्याच्यावरच वाढल्या आणि त्याच्याच सुईने झिजल्या, त्यामुळे आता त्या चांगल्या यंत्रावर लावून चांगली सुई झिजवण्यात अर्थ नाही. हिऱ्याची सुई झाली तरी तिचं आयुष्य पाचशे ते हजार तासांचं. पण फिएस्टा घरात असण्याचं खरं कारण दुसरं आहे. घरात सगळ्यांना हात लावायची मुभा असलेलं एक यंत्र हवंच. नातवंडं येतात, आर्म धाडकन ठेवतात, 33 ची तबकडी 45 वर लावून खिदळतात. गणपतीत तो बाहेर पॅसेजमध्ये जातो आणि त्यावर बुंदीच्या लाडवाचा हात लागतो. लेन्कोच्या जवळ कुणी असा हात नेला तर माझा जीव वर-खाली होतो.

चावीचा फोनो वाजतो वर्षातून मोजक्या वेळा, आणि फक्त आधीच तडा गेलेल्या नाहीतर जोडीला दुसरी प्रत असलेल्या तबकड्यांवर. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरणाऱ्या गोल डब्याचा, भार शंभर ग्रॅमच्या वर, पोलादी पिन, आणि ती प्रत्येक बाजूला नवी. सासरे वापरलेली पिन लगेच डबीत टाकायचे. तबकडीच्या लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, ती पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते, आणि एका बाजूत पिन संपते. हे सगळं नुकसानीचंच खातं. तरी अधूनमधून वाजवतो, कारण वीज, स्पीकर, काही नसताना त्या पेटीतून आवाज येतो तो काही औरच असतो. आता तुमच्या लेखासोबतचा फोटो पाहा. पितळी कर्ण्याचा फोनो आहे आणि त्यावर ठेवलेली आहे एलपी. फोटोला शोभा आली असेल, पण कुणी ती पिन खाली ठेवली तर त्या एलपीचा तो शेवटचा दिवस. चोरबाजारात हल्ली 'अँटिक' म्हणून विकायला असतात ते फोनो कितीतरी वेळा नव्याने जुळवलेले असतात, आणि वर शोभेला अशीच एखादी एलपी ठेवलेली असते.

हौस नाहीच असं मी म्हणत नाही. एकाच जातीची सहा-सहा टर्नटेबलं मांडून कुठल्या कार्ट्रिजचा, म्हणजे सुईच्या डोक्याचा, खर्ज गोल आणि कुणाचा चौकोनी यावर रात्री जागवणारे लोक मीही पाहिलेत. त्यांची भाषा मला कळत नाही, आणि वायरींवर त्यांनी केलेला खर्च ऐकला की बँकेतली जुनी सवय जागी होते आणि मी मनात हप्ते पाडू लागते. पण त्यांच्यातल्याही बहुतेकांचं निदान एक यंत्र 78 ला राखलेलं असतं.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या आहेत त्यांच्यासाठी चौकट नव्याने छापा, ही विनंती. तबकडी जड आणि कडक असेल, आणि एका बाजूला एकच गाणं, तीन-साडेतीन मिनिटांचं, असेल तर ती लाखेची. नव्या प्लेयरवर लावू नका. स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने तर मुळीच पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश करणाऱ्या कुणालाही विचारा. मऊ कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये जरासं ओलं करून खाचांच्या दिशेने फिरवा, मधला कागद भिजू देऊ नका, सावलीत वाळवा. एकावर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. मग योग्य सुईचं यंत्र असलेला माणूस शोधा. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, या विषयात मुरलेली माणसं तिथे भेटतात. डोंबिवली-कल्याणकडच्या वाचकांनी आमच्याकडे आणल्या तरी चालतील. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, विचारणाऱ्याला जरूर द्या. रविवारी दुपारी तीननंतर, आणि तबकड्या न पुसता, आहेत तशा आणाव्यात. पुसायचं ते मी बघते.

आपली,
एक वाचक
डोंबिवली (पूर्व)
(कृपया नाव छापू नये.)